काडेपेटीतली पोरं

सेक्रेटरीने काडेपेटी उघडून सुईणमावशीच्या नाकासमोर धरली. आत काळपट, काटेरी अळ्या वळवळत होत्या. पाठीवर नारिंगी ठिपके.

"हा घ्या पुरावा," तो म्हणाला. "आज सकाळी तुमच्याच चवळीवरून वेचल्या. अकरा. आता तरी बाजूला व्हा."

मावशी हलली नाही. गच्चीच्या कठड्यालगत चवळीच्या सात कुंड्या होत्या, आणि त्यांच्यासमोर ती आपलं बुटकं स्टूल टाकून बसली होती. ह्याच स्टुलावर बसून तिने या इमारतीतली निम्मी माणसं जगात आणली होती. दोन हातांवर फवारणीवाला उभा होता, पाठीवर औषधाची टाकी, हातात नळी. ती नळी एकदा सुटली की किती वेळ लागतो ते मावशीला ठाऊक होतं. सात कुंड्यांना एक मिनिट पुष्कळ झालं.

"ही बघा माझी चादर," तिसऱ्या मजल्यावरची सून दोरीपाशी उभी राहून म्हणाली. "काल धुतलेली. हात लावून बघा, नुसता पाक."

"चिकट होते, खरं आहे," मावशी म्हणाली. "वेलावरच्या मावा किडीचा चिकटा वाऱ्याने उडतो. चादर दे, मी धुऊन देते. शेंड्यांवर साबणाचं पाणीही मारते रोज. पण औषध मारू देणार नाही."

"कमिटीचा ठराव झालाय, मावशी."

"गेल्या साली पण झाला होता. मारलंत. आठ दिवसांत मावा परत आला, आणि माव्याला खाणारे यायला वर्ष लागलं."

"गच्चीवर कोण येतंय मावा खायला?"

मावशीने फवारणीवाल्याकडे मान वळवली. "दादा, तू रोजचा यातला. सांग बघू, ही कसली अळी?"

तो टाकीसकट वाकला, पेटीत बघितलं, सरळ झाला. "कसली का असेना, आजी. औषध सगळ्यांना एकच."

"तेच तर म्हणते मी."

तिने चष्मा लावला आणि काडेपेटी हातात घेतली. बोटाच्या टोकाने एकेक अळी सरकवत मोजली. "अकरा म्हणालास ना? नऊ आहेत."

"अकराच होत्या. मी स्वतः मोजल्यात."

"उपाशी कोंडून ठेवल्या की एकमेकींना खातात. तुमच्या कमिटीसारखं."

सून हसली आणि लगेच चादर सारखी करू लागली.

मावशीने एक पान हलकेच उलटं केलं. खाली मुगाएवढा लाल किडा चालला होता, पाठीवर काळे ठिपके, जणू कुणी बसून रंगवलेला. "याला ओळखतोस?"

सेक्रेटरीचा चेहरा क्षणभर निवळला. "ढालकिडा. लहानपणी पाळायचो आम्ही."

"काडेपेटीतच ना?"

"काडेपेटीतच."

"तुझ्या पेटीतली ही त्याची पोरं."

सेक्रेटरीने पेटीत बघितलं, पानाकडे बघितलं, पुन्हा पेटीत बघितलं. "काहीतरीच. इतकी घाण?"

"तू काय मोठा गुलाबाचं फूल होऊन आलास का रे? आईला विचार. पायाळू. सोळा तास दमवलंस. बाहेर आलास तो निळाजांभळा, सुरकुतलेला, अंगभर लव. तुझ्या आजीने बघितलं आणि तोंड फिरवलं. मी म्हटलं, थांबा जरा, होईल माणूस."

फवारणीवाल्याला एकाएकी खोकला आला.

मावशीने सगळ्यात खराब शेंडा निवडला. माव्याने तो देठापासून टोकापर्यंत काळा झाला होता, हिरवा रंग शोधावा लागत होता. त्यावर तिने काडेपेटी उलटी केली आणि तळावर टिचकी मारली. अळ्या पडल्या, बावचळल्या, इकडेतिकडे पळाल्या. एक थांबली. तिने समोरचा मावा जबड्यात धरला आणि वर उचलला. त्याचे पाय हवेत हलले, मग हलायचे थांबले.

चादर हातात घेऊन सून दोन पावलं पुढे आली.

"ते ठीक आहे," सेक्रेटरी म्हणाला. त्याचा आवाज मघापेक्षा खाली आला होता. "पण ठराव तो ठराव. मला उद्या उत्तर द्यावं लागेल."

"मग मार," मावशी म्हणाली. गुडघ्यांवर हात टेकून ती उठली, आणि पायाने स्टूल त्याच्याकडे सरकवलं. रिकामी काडेपेटी तिने त्याच्या हातात दिली. "मी आडवी येत नाही. पण आधी माझी पोरं यात परत भर. नऊच्या नऊ. वेचायला तुला येतंच. सकाळी वेचलीस, आता बघून वेच."

सेक्रेटरीने फवारणीवाल्याकडे बघितलं. फवारणीवाल्याने कुंड्यांकडे बघितलं. शेवटी सेक्रेटरी त्या बुटक्या स्टुलावर बसला, गुडघे पार छातीशी आले. काडेपेटी उघडी धरून त्याने शेंड्याजवळ बोट नेलं. अळी खात होती. बोट थांबलं, मागे आलं, पुन्हा गेलं, पुन्हा थांबलं.

फवारणीवाल्याने खांद्यावरचे पट्टे सोडले आणि टाकी जमिनीवर टेकवली. तो सेक्रेटरीच्या मागे येऊन वाकला.

"साहेब, जरा थांबा," तो हळू आवाजात म्हणाला. "हा तिचा चौथा मावा."