बिनपायांची पेटी

रामकिसननं पेटीला पाय लावलेच नाहीत.

खरादावरून गोल करून आणलेले चार पाय कोपऱ्यात तसेच पडलेले, आणि तबकड्या वाजवायची ती नवीकोरी पेटी माडीच्या लाकडी जमिनीवर बसकण मारून बसलेली. कुमुदला काही उमजेना. दिवाळीपासून हा माणूस कचेरीतून आला की चहासुद्धा न घेता रंधा हातात घेत होता. मोडीत काढलेल्या कपाटाचं सागवान, वर निजामाच्या वेळचा उर्दू आकडा अजून पुसट दिसणारं, त्यानं मोठ्या हौसेनं मिळवलं होतं. आणि पुढची बाजू मात्र पातळ प्लायवूडची. स्पीकर त्या फळीलाच घट्ट आवळलेला, मध्ये रबर नाही, वर कापड नाही. फकिरा सुतार बघायला आला तेव्हा हसलाच होता. "साहेब, ही वाजंल कमी अन् थरथरंल जास्त." त्यावर रामकिसनही नुसता हसला होता.

"अहो, पाय?"

"नको. खालीच राहू दे."

"छबूचा हात पोचेल की."

"पोचू दे," म्हणाला, आणि फ्यूजची तार आणायला जिना उतरून गेला.

छबू दीड वर्षाची. कोपऱ्यातला एक पाय ओढून घेऊन, पाठमोरी बसून चोखत होती. कुमुद दबक्या पावलांनी तिच्या मागं गेली आणि हळूच म्हणाली, "छबू." मग जरा मोठ्यानं. मग किल्ल्यांचा जुडगा वाजवला. छबू पाय चोखत राहिली.

कितीतरी दिवस हे असंच चाललं होतं. चोरासारखं. कधी पोर वळायची, कधी नाही, आणि वळली की कुमुदला स्वतःचीच लाज वाटायची. रामकिसनला कसं सांगायचं? हा एवढा लेकीला गाणी ऐकवायला पेटी करतोय.

देवापाशी बसलेल्या आवडाबाई कापसाचा डबा पालथा करून बघत होत्या. पाचोडहून आल्यापासून सासूबाईंचं एकच गाऱ्हाणं होतं, वातीचा कापूस डब्यात राहत नाही. "खातंय का काय कोन तुमच्या घरात?" म्हणाल्या. मग त्यांची नजर किल्ल्यांवर गेली. "अन् तू काय गं, पोरीच्या मागंमागं हिंडती?"

कुमुदच्या तोंडून निघूनच गेलं. "आत्याबाई, मला वाटतं हिला ऐकू येत नाही."

आवडाबाईंनी आधी तिच्याकडं बघितलं, मग जवळचं पितळी ताट उचलून जमिनीवर दाणकन आपटलं.

छबू तिथल्या तिथं वळली.

"बघ. माझ्याहून तिखट कान हायेत तिचे. कॉलेज शिकून डोस्क्यात भलतंसलतं भरून घेती नुसतं."

कुमुदला एकदम हलकं वाटलं. तिनं लेकीला कडेवर उचलून घेतलं, मुका घेतला. आणि मग, का कोण जाणे, तेच ताट उचलून छबूच्या डोक्यामागं चमच्यानं वाजवलं. ताट खणखणलं. छबू आईच्या गळ्यातले काळे मणी मोजल्यासारखी चिवडत राहिली.

"आता नाय मनात तिच्या," म्हणत आवडाबाई ताट हिसकावून डाळ निवडायला गॅलरीत गेल्या. त्या चालल्या तशा जमिनीच्या फळ्या कुरकुरल्या. कुमुद त्या फळ्यांकडं बघत राहिली. आत्ता खरं कुठलं, पहिलं की दुसरं?

रामकिसन वर आला, तार बसवली, तबकडी चढवली. कव्वालीची. हाही एक चक्रमपणा, भजनाशिवाय काही न ऐकणाऱ्या माणसानं शहागंजातून हुडकून कव्वाली आणली होती. कुमुद लेकीला खाली सोडून चहाचं आधण ठेवायला गेली.

परत आली, तर छबू पेटीच्या फळीला दोन्ही तळवे लावून उभी होती. ढोलक सुरू झाला तसा तिनं गालही टेकवला आणि पोटातून हसली. असं हसताना कुमुदनं तिला कधी बघितलंच नव्हतं.

ऐकतेय. म्हणजे ऐकतेय ना?

"अहो," ती म्हणाली. "अहो, बघा ना हिच्याकडं."

रामकिसन छबूशेजारी गुडघ्यांवर बसला होता. त्याचाही गाल फळीला, डोळे मिटलेले. वळला नाही.

"अहो."

कुमुद त्याच्या मागं जाऊन उभी राहिली. तेव्हा तिला त्याच्या कानातला कापूस दिसला. तेलात भिजवून गच्च कोंबलेला, देवाच्या वातीचा कापूस. दुसऱ्याही कानात.

ती तशीच खाली बसली. तिचा पदर लागला तसे रामकिसननं डोळे उघडले. तिच्या तोंडाकडं बघितलं, आणि लांबच्या माणसाशी बोलावं तशा चढ्या आवाजात म्हणाला, "ढोलक कळतो हिला. मी बघितलंय करून."

त्याच्या सदऱ्याच्या खिशातून कापसाचं टोक बाहेर आलं होतं. कुमुदनं ते ओढून काढलं, दोन बोळे केले, कानात घातले. छबूच्या दुसऱ्या बाजूला फळीला गाल लावला, डोळे मिटले. आधी काहीच नव्हतं. मग गालाच्या हाडाला काहीतरी धडकायला लागलं, थांबून थांबून, आणि मग न थांबता.

किती वेळ गेला कळलं नाही. एकदम जमीन हादरली.

तिघंही एकाच वेळी वळले. दारात आवडाबाई खाली वाकून उभ्या होत्या. त्यांचं तोंड हलत होतं, मागं चुलीवर चहा उतू जात होता, आणि ताट त्यांनी दुसऱ्यांदा आपटायला उचललं होतं.