एका बैलाचा पोळा

पोळ्याला गावातल्या बैलजोड्या सजून वेशीपुढं उभ्या होत्या. शिवप्पाच्या हातात मात्र एकाच बैलाचा कासरा होता. दुसरा बैल त्यानं उन्हाळ्यात उमरग्याच्या बाजारात विकला होता, विधवा सुनेला हैदराबादेत निजाम सरकारच्या कालेजात घालायला.

"आता औताला काय सुनेची पुस्तकं जुंपणार?" शेजारच्या गुंडप्पानं तेव्हा चारचौघांत विचारलं होतं.

सणाला घरी आलेल्या त्या सुनेला, पार्वतम्माला, तो एकटा बैल बघवेना. "मामा, म्या परत जात न्हाय. तिशीच्या बाईला कशाला पायजे बी.ए.?"

शिवप्पा बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावत राहिला.

तेवढ्यात गुंडप्पा आला. त्याच्याही हातात एकच कासरा होता. त्यानं आपला बैल शिवप्पाच्या बैलाशेजारी आणून उभा केला.

"झाली जोडी. रब्बीची पेरणी मिळून करू." मग तो पार्वतम्माकडं वळला. "नवऱ्यानं टाकल्यापासनं आमची लेक इरम्मा घरातच बसलीय. उद्या तिला बी शिकायला संगं न्हे. आन् पोरी, परत जात न्हाय असं तिच्यापुढं बोलू नगंस. सकाळधरनं पेटी भरून बसलीय ती."