खंडेनवमीचं कुंकू

कारखान्यातल्या खंडेनवमीच्या पूजेत कामगार वसुधाताईंनी एका यंत्रमानवाच्या कपाळावर कुंकू लावलं. ते कपाळ नव्हतं, कॅमेरा होता. दिसेनासं झाल्यावर यंत्रमानव काचेच्या बरण्या चाचपून, हळुवार उचलू लागला आणि त्याच्या हातून बरण्या फुटायच्या बंद झाल्या. ते पाहून ताई रोज गुपचूप कुंकू लावत राहिल्या.

आज कारखान्याच्या मॅनेजरनी त्यांना बोलावलं.

"महिनाभर त्या यंत्रमानवाच्या हातून एक बरणी फुटली नाही. तुम्ही केलंत हे?"

"आधी चुकून झालं, साहेब. मग मुद्दाम केलं. कामावरून काढू नका."

"काढतो कसला! चाचपून काम करणारे यंत्रमानव आता आपणच बनवणार. तो विभाग तुम्ही सांभाळायचा."

ताईंनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि खिशातली कुंकवाची डबी काढली.

"मग उरलेल्या चाळीस यंत्रमानवांनाही आत्ताच लावून येते."