वरच्या मजल्यावरची शिकवणी

पालकसभेला तो एकटाच पुरुष होता. बायको दवाखान्यात नर्स, तिची दुपारपाळी. म्हणून लिफ्ट दुरुस्तीचं काम सोबतच्या कारागिरावर टाकून तो आला होता आणि पहिलीच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन कसाबसा मावला होता. समोर समुपदेशक बाई साध्या आवाजात सांगत होत्या, की मुलांना त्रास देणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीतलाच निघतो, घरात ऊठबस असलेला.

बोलता बोलता त्यांनी त्यालाच उभं केलं. म्हणाल्या, समजा, मी तुमची मुलगी.

"बाबा, मला शिकवणीला जायचं नाही."

"का? काय झालं? कुणी काही बोललं का? आणि जायचं नाही म्हणजे काय, परीक्षा तोंडावर आलीये," तो एका दमात म्हणाला.

बाई काहीच बोलल्या नाहीत. आया खुदकन हसल्या, मग हसणं आपोआप विरलं.

"तुमची मुलगी पहिल्या 'का'लाच गप्प झाली," बाई म्हणाल्या. "आधी म्हणायचं, बरं झालं सांगितलंस. मग थांबायचं. जड जातं, पण थांबायचं."

घरी येताना त्याला स्वतःचंच हसू आलं. असल्या गोष्टी त्याच्या लेखी दुसऱ्यांच्या घरच्या. त्याच्या घरी ऊठबस असलेले म्हणजे वरच्या मजल्यावरचे मास्तर. निवृत्त झाल्यापासून ते इमारतीतल्या पोरींना गणित शिकवत, तेही फुकट. त्याची आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा तिला रोज पेपर वाचून दाखवायला हेच मास्तर येत.

त्याची चौथीतली लेक बिट्टी पलंगाच्या कडेला वही छातीशी धरून बसली होती. अलीकडे शिकवणीची वेळ झाली की तिचं काहीतरी निघायचंच. कधी पेन्सिल हरवायची, कधी डोकं दुखायचं. तोही वैतागून तिला हाताला धरून जिन्यापर्यंत सोडून यायचा.

"बाबा, आज नाही गेले तर चालेल?"

'का' अगदी ओठांवर आलं होतं. त्यानं ते गिळलं.

"बरं झालं सांगितलंस," तो म्हणाला. ते वाक्य त्याच्याच कानांना परकं वाटलं. तो तिच्या पायांशी फरशीवर बसला.

बराच वेळ काहीच झालं नाही. एरवी कुठं काही अडलं की त्याचे हात आपसूक पुढं व्हायचे. इथं नुसतं बसून राहायचं होतं. दोनदा त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. नखांतलं ग्रीस कोरत राहिला.

"मास्तर मला सगळ्यांच्या नंतर सोडतात," बिट्टी वहीकडे बघत म्हणाली. "मग दार लावून घेतात."

अडखळत, थांबत तिनं उरलेलंही सांगितलं. मास्तर म्हणाले होते, हे आपलं गुपित. बाबांना कळलं तर ते तुलाच मारतील.

त्याच्या डोक्यात सणक गेली. हत्यारांची पिशवी हाताशीच होती आणि तिच्यात हातभर लांबीचा पाना होता. पण बिट्टी त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मास्तर खरं बोलले होते का, ते ती तिथं शोधत होती.

"माझं चुकलं का?"

"नाही गं. चुकले ते. तुझं काही चुकलं नाही."

बिट्टी खाली सरकली आणि त्याला टेकून बसली.

त्यानं बायकोला फोन लावला. ती कामावरच्या आवाजात एकेक गोष्ट सांगत गेली. तिला आंघोळ घालू नकोस, कपडे बदलू नकोस, पुन्हा पुन्हा काही विचारू नकोस. मी निघते, आधी आमच्या डॉक्टरीणबाई, तिथून पोलिसांत.

"आणि तू वर जायचं नाहीस," ती म्हणाली. "तू हात उचललास, तर उद्या लोक तुझ्याबद्दल बोलतील. त्याच्याबद्दल नाही. आता फोन बिट्टीला दे."

बिट्टी आईशी बोलत होती तेवढ्यात वर खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला. मास्तर शिकवणी मांडत होते. त्याला खालच्या मजल्यावरच्या जुळ्या आठवल्या. त्यानं बिट्टीला विचारलं, मी खाली जाऊन लगेच आलो तर चालेल का. तिनं फोन कानाला तसाच ठेवून मान हलवली आणि त्याच्यामागे आतून कडी लावून घेतली.

जुळ्यांची आई घरी शिवणकाम करायची. गळ्यात टेप अडकवून तिनं दार उघडलं. मागं दोघी पोरी वेण्या घालून निघायच्या तयारीत उभ्या होत्या. त्यानं बाईला बाहेर जिन्यात बोलावलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, की आज पोरींना वर पाठवू नका, मास्तर पोरींना एकटं ठेवून घेतात, दार लावून. बिट्टीचं नाव त्यानं घेतलं नाही.

"मास्तर?" ती म्हणाली. "अहो, काहीतरीच काय! माझ्या पोरींना आजोबांसारखे आहेत ते."

"मलाही तसंच वाटायचं."

तुमचा काहीतरी गैरसमज झालाय, असं पुटपुटत ती आत जायला वळली आणि तशीच थांबली. पोरी उंबऱ्यापाशी येऊन ऐकत उभ्या होत्या. शिकवणी का नाही, असं दोघींपैकी कुणीच विचारत नव्हतं. त्यांतली एक तर खाली वाकून पायांतल्या चपला काढू लागली होती.