वाकडं पाणी

“मशीन सुरू करा, मॅडम. विनंती नाही, हुकूम आहे!” वीज समितीचे अध्यक्ष वीजघराच्या दारातूनच गरजले.

इंजिनीअर मॅडम जागच्या हलल्या नाहीत. पॅनेलची चावी त्यांच्या मुठीत होती. टर्बाइन थडथडायला लागलं, बेअरिंग तापून हात लावू देईना, तेव्हा त्यांनीच ते बंद केलं होतं. गाव रात्रभर अंधारात होतं. लोक बाहेर जमून तोंडाला येईल ते बोलत होते.

“मशीन म्हातारं झालंय, दुसरं काय!” अध्यक्ष म्हणाले.

“मशीन ठणठणीत आहे. पाणी वाकडं येतंय.”

लोक हसले. मॅडम लाकडाच्या भुशाचं पोतं घेऊन ओढ्यावर गेल्या. लोक मागोमाग. टर्बाइनला पाणी नेणाऱ्या पाइपच्या तोंडाच्या जरा वर, ऐन वळणावर अध्यक्षांनी आपल्या गोदामासाठी भर टाकून भिंत घातली होती. मॅडमनी तिच्या वरच्या अंगाला भुसा उधळला. भुसा भिंतीवर आपटला, भोवऱ्यात गरगरला आणि तोंडाच्या एकाच कोपऱ्यात जाऊन दाटला.

“आत पाणी असंच शिरतं. पात्यांना एकाच अंगाने झोडपतं. वीज कमी, हादरे जास्त. शाफ्ट तुटला, तर दवाखाना कित्येक महिने अंधारात बसेल.”

लोक भिंतीकडे वळले.

“भिंत माझी आहे,” अध्यक्ष तिच्यासमोर उभे राहिले. “हात लावून दाखवा. उद्यापासून कामावर यायचं नाही!”

“नाही येणार. पण भिंत पडल्याशिवाय चावी मिळायची नाही.”

दवाखान्याच्या नर्सबाईंनी कुठूनशी पहार आणली, पण पुढे व्हायला त्यांचा पाय उचलेना. मॅडमनी ती त्यांच्या हातातून घेतली, अध्यक्षांना वळसा घातला आणि पहिला दगड पाण्यात लोटला. मग नर्सबाई सरसावल्या. मग सगळेच.

दिवस कलला तेव्हा अर्धी भिंत उतरली होती. लोक चहाला पांगले. अध्यक्ष तिथेच बसून होते.

“झालं समाधान?” ते हळूच म्हणाले. “घरी चल आता. तुझी आई जेवायची थांबलीये.”

मॅडमनी पहार त्यांच्यापुढे धरली.

“उरलेली तुम्ही पाडा, बाबा. मग येते.”