छातीची बदली

“माझं कार्ड तू धर, तुझा कागद मला दे,” दौलत कुजबुजला. “नाव पुकारलं की तू दौलत, मी जयवंत. चुकू नको.”

विम्याच्या दवाखान्यात दोघे बाकावर टेकले होते. कार्डावर नाव नि नंबर, बस्स. चेहरा बघतोय कोण!

“सात वर्षं दुसऱ्यांच्या जागेवर राबतोय,” जयवंत हसला, आणि हसता हसता खोकला. “आज पहिल्यांदा मला कुणी बदली मिळाला.”

दौलत गिरणीच्या कार्डिंग खात्यात कायम. वीस वर्षं कापसाची धूळ खाल्लेला. नवी मशिनं येणार, निम्मं खातं घरी बसणार, अशी लालबागभर बोंब होती. धुळीनं ज्याची छाती गेली असेल, त्याला मात्र विम्याचं पेन्शन. पण दौलतची छाती कसली जातेय! ठणठणीत गडी. खोकायचा तो जयवंत, अख्खी चाळ जागी करायचा. पण जयवंत पडला बदली कामगार. कुणी गैरहजर राहिला तर त्याच्या जागी उभा राहणार, त्याला कसलं पेन्शन? त्याला हवी होती दौलतच्या रिकाम्या होणाऱ्या जागेवर कायमची नोकरी, आणि तिच्यासाठी साफ छातीचा दाखला. म्हणून ही अदलाबदल. डोकं दौलतचं.

एक्स-रेच्या खोलीत दोघांच्या छातीचे फोटो निघाले. कंपाउंडरनं मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही.

घरी आल्यावर मात्र दौलतच्या मनाला टोचणी लागली. हे काय करून बसलो आपण? आजारी माणसाला साफ ठरवून पुन्हा धुळीत ढकललं, तेही आपल्याच जागेवर! वर पेन्शन आपण खाणार. जयवंतची पोरं जिन्यात ‘काका’ म्हणून बिलगली की त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दीक्षा घेऊन अजून वर्ष झालं नव्हतं. रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या, त्याचा आवाज अडकायचा. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात दोन घोषणांनंतर शब्द फुटेना. कुठल्या तोंडानं ओरडणार? सोमवारी तर विचारू नका. गेटवर बदल्यांच्या रांगेत जयवंत दिसायचा, आणि खात्यात पाऊल टाकलं की छातीवर कुणी पाटा ठेवलाय असं वाटायचं. पाप जड असतं म्हणतात ते उगाच नाही, असं तो मनाशी म्हणायचा.

“अहो, एका जिन्याला तीनदा थांबता,” त्याची बायको रखमा म्हणाली. “होतंय काय तुम्हाला?”

“काय व्हायचंय? मन थाऱ्यावर नाही.”

महिन्याभरानं कागद आला. शेजारच्या मास्तरांनी वाचून दाखवला. छाती धुळीनं कायमची निकामी, पेन्शन मंजूर. मास्तर गेले आणि रखमा पदर तोंडाला लावून रडायलाच लागली.

“अगं येडे, रडतेस काय? तो फोटो माझा नाहीच!” दौलतच्या तोंडून निघून गेलं. मग त्यानं सगळंच सांगितलं.

रखमानं डोळे पुसले. “म्हणजे तुम्ही वाचलात. आणि तो बिचारा?”

दौलतला बसवेना. कागद घेऊन तो उठला. जयवंतला सांगायचं, नोकरी घेऊ नको. विम्याच्या डॉक्टरांच्या बोर्डासमोर जाऊन खरं काय ते ओकायचं. पेन्शन गेलं खड्ड्यात. वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत तो दोनदा कठड्याला धरून उभा राहिला.

जयवंत दारातच बसला होता. त्याच्याही हातात कागद.

“नापास,” तो म्हणाला. “दोन्ही फुफ्फुसं खराब, कामावर घेऊ नये, असं लिवलंय.”

दौलतच्या अंगावरचं ओझं सरकन उतरलं. “सुटलो रे बाबा!” तो खाली बसून धापा टाकत हसला. “बरं झालं, पकडली तुझी छाती. अरे, धुळीत मेला असतास तू! मी हेच सांगायला आलो होतो. हे पेन्शन आपण दोघं...”

जयवंत हसत नव्हता. दौलतच्या वरखाली होणाऱ्या छातीकडे तो एकटक बघत होता.

“दौलत,” तो हळूच म्हणाला, “ह्या कागदावर नाव माझं हाय. फोटो तुझा.”