वारसाची चौकट

कंपालातल्या एका कंपनीत मी संगणकावरच्या खेळासाठी जुनी राजघराणी रचते. चेहरे, स्वभाव, आईबाप, वारस. खेळात एखादी राणी मेली की खेळणारा त्याच क्षणी तिचा वारस होऊन पुढे खेळतो. वारस नसेल तर खेळ तिथेच संपतो.

आईला याचं भारी कौतुक. केळी घ्यायला गेली तरी विक्रेतीला सांगायची, "माझी लेक राजे घडवते, राजे!"

ती गेल्यावर मी खेळातल्या एका राजमातेला तिचा चेहरा दिला. वारसाची चौकट मात्र भरवेना.

"टाक की गं कुणाचंही नाव," शेजारी बसणारा किझितो म्हणाला.

"टाकते," म्हणाले. टाकलं नाही.

काही महिन्यांनी, शोक संपवायच्या शेवटच्या विधीला आईच्या कुळातल्या वडीलधाऱ्यांनी तिचा वारस नेमला. लेक बापाच्या कुळाची, म्हणून तो मान मामाच्या मुलीला, नाबुकेराला. वय एकोणीस. कालपर्यंत मला चिडवायची, "ताई, आज किती राजे मारलेस?" तिच्या खांद्यावर झाडाच्या सालीचं वस्त्र घातलं, हातात टोपली आणि सुरी दिली. वडीलधारे मला म्हणाले, "आजपासून ही तुझी आई."

रीतीप्रमाणे मी तिच्यापुढे गुडघे टेकले. 'आई' हा शब्द काही तोंडातून फुटेना.

नाबुकेराने टोपली खाली ठेवली, मला हाताला धरून उठवलं आणि जमलेल्या साऱ्या कुळाकडे वळली.

"नीट बघून घ्या हिला. माझी लेक आहे. राजे घडवते, राजे!"